लंगड्या वाघिणीचं वाळवण

शनिवारी संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीतला कुबट वास गेला नाही, तर रविवारी सकाळी कोसिम भंगारवाला काटा घेऊन दारात उभा असेल, असं इबू इमासनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्या पालेभाजी निवडत होत्या. आवाज चढवला नव्हता, मानही वर केली नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात आबा सुतिस्नांना एवढं कळलं होतं की बायको ओरडते तेव्हा तडजोडीला जागा असते; देठं मोडता मोडता बोलते तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो.

वास होता चारशे बारा जुन्या कॉमिक्सचा. रविवारी दुपारी त्यांची लेक रेंगानिस बाळंतपणासाठी जाकार्ताहून येणार होती आणि उतरणार होती त्याच खोलीत. गेल्या खेपेला ती तिथे पाच मिनिटं बसली आणि सलग अकरा वेळा शिंकली. इबूंची बाजू पूर्णपणे न्याय्य होती, आणि आबांचं खरं दुःख तेच होतं. समोरचा माणूस चुकत असला की भांडायला किती बरं असतं.

ही कॉमिक्स आबांच्या आईची. याच घराच्या पुढच्या खिडकीतून ती भाड्याने पुस्तकं द्यायची. प्रत्येक पुस्तक काळ्या दोऱ्याने शिवलेलं, वर खाकी कागद. सगळ्यात मागणी 'लंगडी वाघीण'ला. तलवारबाज बाई, एका पायाने अधू, एकतीस भाग. खालच्या गल्लीतल्या इमासने त्यांतले तीस ओळीने वाचले. एकतिसावा मागायला आली तेव्हा खिडकीत आईऐवजी तरुण सुतिस्ना बसला होता. "बाहेर गेलाय," तो म्हणाला. भाग त्याच्या गादीखाली होता. पुढचे पाच महिने ती दर दोन दिवसांनी चौकशीला यायची आणि दर वेळी भाग बाहेर गेलेला असायचा. सहाव्या महिन्यात दोघांचं लग्न ठरलं. मग गादीची भानगड उघडकीला आली, आणि इमासने शपथ घेतली की या जन्मात त्या भागाला हात लावणार नाही. बाईने शपथ अक्षरशः पाळली होती. आता हाच एकतिसावा भाग कोसिमच्या काट्यावर जुन्या वर्तमानपत्रांबरोबर बसणार, ही कल्पनाच आबांना सोसवेना.

"वास जाईल," आबा म्हणाले. "जमीन खात्याच्या दप्तरखान्यात एकतीस वर्षं काढलीत मी. कागद कसा राखायचा ते मला कोणी शिकवू नये."

हे वाक्य गल्लीत कोणी ऐकलं नसावं, कारण त्या दिवसापासून जो तो त्यांना तेच शिकवायला लागला.

पहिला मान शेजारच्या एंजांग मास्तरांचा. हे निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांच्या घरात एकही पुस्तक नव्हतं, त्यामुळे बुरशी लागलेलंही एकही नव्हतं, आणि आपल्या अधिकाराचा हा पुरावा ते पुन्हा पुन्हा देत. त्यांनी डांबरगोळ्या सुचवल्या. आबांनी कुठलंही काम अर्धवट केलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी पाच पुडे आणले आणि प्रत्येक पेटीत ओंजळ ओंजळ ओतल्या. मंगळवारी सकाळी दार उघडलं तर बुरशीचा वास जागच्या जागी होता आणि त्याच्या खांद्यावर डांबरगोळ्यांचा वास बसला होता. मांजर त्या दिवशी घर सोडून गेलं.

कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या लिलिसचं म्हणणं पडलं की वासावर उतारा एकच, कॉफीची भुकटी. वाट्यांत भरून ठेवायची, सगळा वास ओढून घेते. यात खोट काही नव्हती. खोट आबांच्या कपाटात होती. घरात होत्या त्या दूध-साखर आधीच घातलेल्या तयार कॉफीच्या पुड्या. आबांनी चाळीस पुड्या फोडून बारा वाट्या मांडल्या. बुधवारी पहाटे अंगणापासून मागच्या खोलीपर्यंत लाल मुंग्यांची शिस्तबद्ध रांग लागली होती. इबूंनी त्या रांगेवरून पाय उचलून पलीकडे टाकला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. आबांना तो न बोललेला शब्द दिवसभर ऐकू येत होता.

बुधवारी मास्तरांना आठवलं की पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवला की सुधारतो. मग कागदाने काय घोडं मारलंय? सगळी कॉमिक्स तांदळात मावणं शक्य नव्हतं. आबांनी सगळ्यात मोलाचे पाच भाग निवडले, एकतिसावा अर्थातच त्यात, आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या मोठ्या डब्यात तळाशी पुरले. संध्याकाळी त्याच तांदळाचा वाफाळता भात पानात पडला आणि घरभर डांबरगोळ्यांचा घमघमाट सुटला. इबूंनी घास तोंडाशी नेला, खाली ठेवला, उठून डब्याचं झाकण उघडलं आणि आत हात घालून वाघिणीच्या शेपटीला धरून ओढावं तसा एक भाग बाहेर काढला. कोणता आहे ते बघितल्याचं न दाखवता त्यांनी तो आबांच्या ताटाशेजारी ठेवला.

"तुमच्या वाघिणीचा भात तुम्हीच खा," त्या म्हणाल्या आणि लिलिसकडे नूडल्स खायला निघून गेल्या.

दुसरा कोणी असता तर इथे हरला असता. आबांनी मुंग्या झटकल्या, गोळ्या फेकल्या, तांदूळ कोंबड्यांना घातला (त्यांनीही खाल्ला नाही) आणि गुरुवारी सकाळी मुळाशी हात घातला. कागदाला हवा उजेड आणि वारा. गोळ्या नकोत, कॉफी नको. सावलीला चटया, पानं उघडी, सलग आठ तास. आता बोगोरसारख्या पावसाच्या शहरात, तेही जानेवारीच्या ऐन पावसाळ्यात, सलग आठ तास कोरडे मागणं म्हणजे जरा जास्तच होतं हे त्यांनाही ठाऊक होतं. पण एक एक अडचण ओळीने निस्तरायची, ही त्यांची दप्तरखान्यातली सवय.

पहिली अडचण जागेची. गल्लीच्या टोकाला बॅडमिंटनचं मैदान होतं, कडेला मोठी झाडं. मैदान वापरायला गल्लीप्रमुख ओदांग यांची परवानगी लागे. ओदांग हा नियमाचा माणूस. त्याने चष्मा लावला, छापील अर्ज काढला.

"कारण?"

"पुस्तकं वाळवणं."

ओदांगने अर्जावरून बोट फिरवलं. "लग्न, सुंता, बारसं, इतर. पुस्तकं वाळवणं नाही यात."

"मग इतर लिहा."

"इतरला माझी सही चालत नाही, आबा. वरच्या कचेरीत अर्ज, मग पाहणी, मग चौदा दिवस."

"आणि लग्नाला?"

"लग्नाला माझी सही पुरते. आत्ता मिळेल."

 एकतीस वर्षं आबांनी स्वतः लोकांना याच रकान्यांपायी घरी परत पाठवलं होतं. त्यांनी मुकाट्याने लग्नावर खूण केली. ओदांगने सही केली, शिक्का मारला आणि अर्जाची एक प्रत नियमाप्रमाणे पहारेकऱ्यांच्या चौकीवरच्या फळ्यावर डकवली. शनिवार, मैदान, लग्न, यजमान सुतिस्ना. खरं कारण त्याने कोणाला सांगितलं नाही. अर्जदाराची खाजगी बाब बाहेर फोडणाऱ्यांतला तो नव्हता.

दुसरी अडचण पावसाची. तिच्यावर बोगोरमध्ये एकच इलाज आणि तोही सगळ्यांना माहीत: पाऊस थोपवणारा आकी मुर्जा. लग्नकार्य असलं की त्याला आगाऊ सांगून ठेवतात. म्हातारा मंडपाच्या कडेला बसतो, लवंगेची विडी ओढतो, पुटपुटतो, आणि ढग पलीकडच्या डोंगराकडे वळतात. वळले नाहीत तर यजमानाकडून काही चूक झालेली असते. आकीने अटी सांगितल्या. पहाटेपासून फाटकाशी खराटा उलटा रोवायचा, त्याच्या काड्यांना लाल मिरच्या आणि छोटे कांदे टोचायचे. आणि काम संपेपर्यंत यजमानाने अंगावर पाणी घ्यायचं नाही.

"म्हणजे आंघोळ नाही?"

"तोंडही धुवायचं नाही. तुम्ही ओले झालात की वरच्यालाही मुभा मिळते."

आबांनी होकार दिला. फळ्यावर लग्न, आकी मुर्जाला बोलावणं, ही दोन टोकं जोडली की गल्लीला काय दिसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ते गल्लीच्या डोक्यात मात्र शुक्रवारी सकाळी भाजीच्या गाडीवर बरोबर आलं. सुतिस्नांची एकुलती एक लेक तर लग्न झालेली, आठवा महिना लागलेली. मग शनिवारी लग्न कोणाचं? उरलं कोण घरात?

भाजीच्या गाडीवर त्या दिवशी बायका इबू इमासशी फार मायेने बोलल्या. एकीने त्यांचा हात हातात घेतला. लिलिसने कॉफीचे पैसे घ्यायला नकार दिला. इबूंनी फळा वाचला, घरी आल्या आणि भाजीची पिशवी खाली ठेवली.

"नवरीला सांगून ठेवा, खोलीत वास आहे," त्या म्हणाल्या.

आबांनी अर्ज दाखवला, रकाने दाखवले, 'इतर'ला लागणारे चौदा दिवस मोजून दाखवले. घामाघूम झाले. इबूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही, पण मागच्या दारी जाऊन त्या बराच वेळ ओढणीत तोंड घालून हसत होत्या, हे आबांना पुढे कित्येक वर्षांनी कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच की रविवारची मुदत जिथल्या तिथे आहे.

शनिवार कोरडा उजाडला. फाटकाशी मिरच्या-कांद्यांचा उलटा खराटा उभा राहिला. आबांनी चारशे बारा कॉमिक्स हातगाडीवरून मैदानात नेली, झाडांखाली नऊ चटयांवर मांडली, पानं उघडून ठेवली. एकतिसावा भाग पहिल्या चटईच्या मधोमध, वाऱ्याने उडू नये म्हणून वर नदीतला गुळगुळीत दगड. कडेला आकी मुर्जा विडी पेटवून बसला. वारा सुटला, आणि त्या वाऱ्यावर इतक्या वर्षांचा कुबट वास हळूहळू उडून जाताना आबांना चक्क जाणवला. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग पाण्याची अट आठवली आणि त्यांनी ते आवरलं.

साडेनवाला पाहुणे यायला लागले.

चांगले बाटिकचे शर्ट, काळ्या टोप्या, बायकांच्या हातात तांदळाच्या टोपल्या आणि केळ्यांचे घड. निम्मी गल्ली लग्नाला आली होती आणि उरलेली नवरी बघायला. समोर यजमान उभे होते ते जुन्या लुंगीत, बिनआंघोळीचे, दाढीचे खुंट वाढलेले, काखेत झाडणी. एंजांग मास्तरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"चुकलंच तुमचं," मास्तर दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "मला तरी सांगायचं. मी काय वाईट सल्ला दिला असता?"

"मास्तर, लग्न नाहीये. पुस्तकं वाळत घातलीत."

"असू दे, असू दे. या वयात लाज वाटणं साहजिक आहे."

आबा चटईवर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की नवरी नाही, नवरा नाही, जेवणही नाही. लोकांनी मन लावून ऐकलं आणि विश्वास ठेवला नाही. उलटा खराटा रोवून, आकी मुर्जाला बसवून, शिक्का मारलेला अर्ज लावून कोणी पुस्तकं वाळवतं का? ओदांगला विचारलं तर तो म्हणाला, अर्जात लग्न लिहिलंय, याहून अधिक मी सांगू शकत नाही. बायका इबूंभोवती जमल्या. इबूंनी सगळ्यांना चहा दिला आणि नवरीविषयी विचारल्यावर म्हणाल्या, "जुनीच आहे. चाळीस वर्षांपासूनची." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

नवरी येईपर्यंत लोक चटयांच्या कडेला बसले. बसल्यावर हाताशी जे होतं ते उचललं. पन्नाशीच्या माणसांनी पहिलं पान उलटलं आणि थांबले. हे त्यांनी वाचलेलं होतं, याच शहरात, याच खाकी कागदांतून. कोणीतरी हसलं. कोणीतरी विचारलं, "चौथा कोणाकडे आहे?" अकरा वाजता मैदानात इतकी शांतता होती की पानं उलटल्याचा आवाज येत होता. नवरीचा विषय कोणी काढेना. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून पुस्तक नाकाशी धरलं होतं. ओदांग ओठ हलवत वाचत होता. आकी मुर्जाने नुसतं बघायला म्हणून पहिला भाग मागून घेतला होता.

दोन वाजून वीस मिनिटांनी मास्तरांच्या टकलावर एक टपोरा थेंब पडला. सगळ्यांनी आधी वर पाहिलं, मग आकीकडे. आकीच्या बोटांतली विडी केव्हाच विझलेली होती. त्याच्या मांडीवर सातवा भाग उघडा होता.

"ती दरीत पडली हो," आकी म्हणाला. "मी मध्येच कसा सोडू?"

मग आभाळ फाटलं. कोणी हुकूम दिला नाही, पण जो तो उठला, समोरचं उचललं आणि पळाला. पुस्तकं शर्टांच्या आत गेली, ओढण्यांखाली गेली, टोपल्यांत तांदळावर पालथी झाली. पाच मिनिटांत मैदान रिकामं झालं. आबा पहिल्या चटईकडे धावले. दगड जागेवर होता. दगडाखाली काही नव्हतं. ते पावसात तसेच उभे राहिले, दिवसभर टाळलेली आंघोळ एकदमच झाली, आणि हातात तो गुळगुळीत दगड घेऊन घरी आले.

रविवारी सकाळी मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. पेट्या रिकाम्या होत्या. वास नव्हता. मांजर परत येऊन कॉटवर झोपलं होतं. ठरल्याप्रमाणे कोसिम भंगारवाला काटा घेऊन आला, रिकाम्या पेट्या बघितल्या, घसा खाकरला आणि शर्टाच्या आतून चौदावा भाग काढला.

"पंधरावा कोणाकडे गेलाय, माहीत आहे का आबा?"

 आबांनी वही-पेन्सिल घेतली आणि वसुलीला निघाले. एकूण एक पुस्तक परत आणायचं, एकतिसाव्यासकट, हे ठरवूनच. लिलिसने सांगितलं की गिऱ्हाइकं कॉफीबरोबर वाचतायत, आत्ता काढून घेतली तर धंदा बसेल. ओदांग म्हणाला की वाचून झाल्यावर देईन, त्याआधी हवं असल्यास लेखी अर्ज करा. एंजांग मास्तरांच्या घरात आता नऊ पुस्तकं होती, आणि मास्तरांना प्रथमच सल्ला द्यायला वेळ नव्हता. एकेचाळीस दारं झाली. एकतिसावा कोणाकडे नव्हता. आबांच्या वहीत पुस्तक एकही जमा झालं नाही. मागण्या मात्र दोन पानं भरून झाल्या: पाचवा संपला, सहावा द्या, तेवीस फाटलाय, शिवून द्या.

परतताना ते स्वतःच्या घरासमोर थांबले आणि पुढच्या खिडकीकडे बघत राहिले. आईच्या काळात एकाही पुस्तकाला बुरशी लागली नव्हती. तिने गोळ्या घातल्या नव्हत्या की कॉफी मांडली नव्हती. तिची पुस्तकं घरातच नसायची. सगळ्या गावात कोणाच्या ना कोणाच्या हातात असायची, उजेडात, उघडी. आई गेल्यावर मायेपोटी ती पेट्यांत कोंडली ती त्यांनी, आणि कुजवली तीही त्यांनीच. कागद राखण्यात हयात गेलेल्या माणसाला हे आता कळत होतं, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी खिडकीचे गंजलेले अडसर हातोडीने ठोकून काढले, आत टेबल लावलं, वर वही ठेवली. दुपारी रेंगानिस आली. मागच्या खोलीत गेली, पाय पसरून बसली, एकदाही शिंकली नाही आणि आईला विचारलं की आबा खिडकीत का बसलेत.

इबू इमास पुढच्या दाराने बाहेर पडल्या, वळसा घालून गल्लीतून खिडकीसमोर आल्या आणि खांद्यावरच्या ओढणीतून एक पुस्तक काढून चौकटीवर ठेवलं. काळ्या दोऱ्याची शिवण. एकतिसावा भाग.

"परत करायला आले," त्या म्हणाल्या.

आबांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "तुझ्याकडे होता? पावसात उचललास?"

"पावसाच्या आधीच. तुम्ही भाषण करत होतात तेव्हा."

"आणि शपथ?"

"डब्यातून काढला तेव्हाच मोडली होती. तांदळात हात घातला आणि नेमका हाच आला." त्यांनी चौकटीवरचे तांदळाचे दोन दाणे झटकले. "वाचला काल. शेवटी ती घरी येते आणि चूल पेटवते. एवढ्यासाठी पाच महिने गादीखाली ठेवलात?"

"शेवट कळला असता तर तू परत आली नसतीस."

 कोपऱ्यावरच्या लिलिसने मान वळवून इकडे पाहिलं, तरी इबू खिडकीसमोरून हलल्या नाहीत.

"आधीचं सगळं विसरलेय मी," त्या म्हणाल्या. "पहिला भाग द्या."

आबांनी वही उघडली आणि पहिल्या ओळीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: इमास, खालची गल्ली. मग पेन्सिल कानावर ठेवली.

"बाहेर गेलाय," ते म्हणाले. या खेपेला मात्र ते खरं होतं.